पारावर आता कोणी बसत नाही: आवाज आणि आपल्या बसायच्या जागा

वावरातला (धागाकर्ता) | रविवार, रात्री ८:४०

राम राम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात वणीकडे आमचं गाव. मधोमध पिंपळाचा पार, पाराला लागून डांबरी रस्ता, पलीकडे दोन पानठेले आणि एसटीचा थांबा. भाग कोळशाच्या खाणींचा, त्यामुळे ट्रक दिवसरात्र चालतात. चार वर्षांपूर्वी पाराजवळ एका शाळकरी पोराला गाडीने उडवलं. पोरगा वाचला, पण गाव पेटलं. मग पारासमोर गतिरोधक झाला. आम्हीच मागितला होता, आणि मागणी बरोबरच होती.

पण त्या गतिरोधकाने काय केलं ते सांगतो. भरलेला ट्रक येतो, ब्रेक दाबतो, हवा फुस्सकन सुटते. मग चढतो, उतरतो आणि गिअर टाकून इंजिनाला ताण देत निघतो. रिकामा ट्रक त्याहून वाईट. त्याचा मागचा फाळका आणि साखळ्या अशा आदळतात की पारावर बसलेल्या माणसाच्या छातीत धस्स होतं. आधी ट्रक भरकन निघून जायचे. आता प्रत्येक ट्रक पारासमोर थबकतो.

रोज सांजी पारावर बारा-पंधरा माणसं असायची. आता चार पोरं असतात, कानात इअरफोन घालून. याच्यावरून कोणी भांडलं नाही, कोणी अर्ज केला नाही. म्हातारी माणसं एकेक करून उठली आणि परत आली नाहीत. मी वडिलांना विचारलं, बाबा, पारावर काहून नाही जात? म्हणाले, "काय करू जाऊन, नुसती तोंडं हलताना दिसतात."

यात फक्त गप्पा गेल्या असत्या तर एवढं लिहिलं नसतं. आमच्याकडे मजुरीचं बोलणं पाराजवळ होतं. उद्या कोणाच्या वावरात जायचं, किती बाया लागतात, गाडी किती वाजता, हे सगळं मुकादम बाई सांजी तिथं उभी राहून सांगते. मागच्या सोयाबीन सोंगणीत तिने सांगितलं, "उद्या सहाला." ऊन चढलं की शेंगा फुटतात, म्हणून सोंगणीला लवकर निघावं लागतं. तेवढ्यात ट्रक गतिरोधकावर होता. एका बाईने ऐकलं "दहाला". ती विधवा आहे, घरी फोन नाही. दहाला थांब्यावर आली तर गाडी कधीचीच गेलेली. ऐन हंगामातली एक दिवसाची मजुरी बुडाली. मी पानठेल्यावर होतो. डब्याची पिशवी मांडीवर घेऊन ती बराच वेळ तिथंच बसून राहिली.

शहरातल्या आवाजाबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. गावातला बाजार, पार, थांबा आवाजामुळे कसा बदलला, हे तुमच्याकडून ऐकायचं आहे. शहरातल्यांनीही लिहा.

----

संत्रा_मोसंबी | रविवार, रात्री ९:०५

बाबांचं वाक्य वाचून थांबलो. माझ्या आजोबांचं असंच झालं होतं. आम्ही समजत होतो त्यांचा स्वभाव बदलला.

----

दारव्हा_ते_नागपूर | रविवार, रात्री ९:५०

भाऊ, चांगला विषय काढला. मी वीस वर्षांपासून नागपुरात आहे, घर मोठ्या रस्त्यावर. घेतलं तेव्हा गॅलरी पाहून घेतलं. आज त्या गॅलरीत कपडे वाळतात, बसत कोणी नाही. जवळच्या बागेत रस्त्याकडचे बाक रिकामे असतात आणि आतल्या बाजूला बसायला जागा मिळत नाही. सावली तर दोन्हीकडे सारखीच आहे.

यावर झालेला एक जुना अभ्यास मला फार पटतो. डोनाल्ड ॲपलयार्ड या शहररचनेच्या अभ्यासकाने सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एकसारख्या दिसणाऱ्या तीन गल्ल्या घेतल्या. एकीतून दिवसाला सुमारे २,००० गाड्या जायच्या, दुसरीतून ८,००० आणि तिसरीतून १६,०००. कमी गाड्यांच्या गल्लीत माणसाला सरासरी ३ मित्र आणि ६ च्या वर ओळखीचे निघाले. जास्त गाड्यांच्या गल्लीत एकापेक्षा कमी मित्र आणि ३ ओळखीचे. हे १९७२ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथल्या लोकांना "तुमची जागा कुठवर?" असं विचारून नकाशावर रेघ काढायला लावली. शांत गल्लीतल्यांनी सगळी गल्ली आपली म्हणून दाखवली. गर्दीच्या रस्त्यावरच्यांची रेघ स्वतःच्या दारापाशी थांबली. यात आवाजासोबत वेगाची आणि अपघाताची भीतीही होती, सगळं खापर आवाजावर फोडता येणार नाही. तरी गॅलरी बंद करून मागच्या खोलीत बसणारा मी त्या रेघेत स्वतःला पाहतो.

दुसरा प्रयोग १९७५ चा, अमेरिकेतलाच. एका माणसाच्या हातून रस्त्यात पुस्तकं पडतात, हाताला प्लास्टर. आजूबाजूला नेहमीचा आवाज असताना दहातले आठ जण मदतीला थांबले. शेजारी गवत कापायचं मशीन चालू केलं तर शंभरात पंधरा. माणसं तशीच, प्लास्टरही दिसत होतं. आवाज असला की माणूस मान खाली घालून निघून जायच्या घाईत असतो. आजूबाजूचं त्याला दिसत नाही.

----

जयाताई_पुसद | रविवार, रात्री १०:२०

वावरातला भाऊ, त्या मजूरबाईचं वाचून वाईट वाटलं. पण एक बोलते, राग मानू नका. पार आमचा कधी नव्हताच. बाई पारावर बसली तर काय बोललं जातं ते तुम्हालाही ठाऊक आहे. आमचा पार म्हणजे विहीर, मग हापसी. तिथं नळ आला, चांगलंच झालं, डोक्यावरचा हंडा उतरला. त्यानंतर बायांना उरला फक्त आठवडी बाजार. आणि तो आता भोंग्यांनी भरला आहे.

पूर्वी भाजीवाला तोंडाने ओरडायचा. थकला की थांबायचा, पाणी प्यायचा, गिऱ्हाईक आलं की गप्प व्हायचा. आता बॅटरीवरचा भोंगा, त्यात एकदा भरलेला आवाज, तो थकत नाही. एकाने लावला म्हणून शेजारच्याने लावला, त्याचं ऐकू येईना म्हणून पहिल्याने वाढवला. मागच्या बाजारात मी मेथीचा भाव तीनदा विचारला आणि शेवटी न विचारताच पैसे दिले. भाव करताना जे बोलणं होतं, तेच तर बाजारात जायचं कारण असतं. लेकीचं कसं चाललंय, कोणाच्या घरी काय झालं, हे घरी दारावर येऊन कोणी विचारत नाही. ते कोथिंबिरीच्या ढिगापाशी निघतं. आता सगळ्या जणी पिशवी भरतात आणि निघतात. लहान लेकरू कडेवर असलं तर बाई बाजारालाच येत नाही.

----

ठोकपीठ | रविवार, रात्री ११:००

सगळं ठीक आहे, पण मग गाव मुकं करायचं काय? जत्रा, पोळा, मंडई, लग्न, सगळ्यात आवाज असतोच. शांतता पाहिजे तर स्मशानात असते. गावाला आवाज नसला की गाव मेल्यासारखं वाटतं.

----

जयाताई_पुसद | रविवार, रात्री ११:१५

@ठोकपीठ दादा, शांतता मीही मागत नाही. रात्री साडेनऊला एसटीतून एकटी उतरले आणि स्टँड चिडीचूप असला की माझा जीव घाबरा होतो. चहावाल्याच्या भांड्यांचा आवाज आला, चार माणसं बोलताना ऐकू आली की धीर येतो. आपल्याकडे गजबज आणि गोंगाट असे दोन वेगळे शब्द आहेत. गजबजीत माणसाचा आवाज ऐकू येतो. गोंगाटात येत नाही.

----

वावरातला (धागाकर्ता) | सोमवार, सकाळी ६:५०

ताई, पाराबद्दल तुम्ही बरोबर बोललात. मुकादम बाई आणि मजूरबाया पाराच्या खाली, रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात. वर बसत नाहीत. म्हणजे ट्रक त्यांना आमच्याहून जवळ. मी पहिल्या पोस्टमध्ये हे लिहायला पाहिजे होतं.

ठोकपीठ भाऊ, पोळ्याचंच उदाहरण घेतो. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की झडत्या, म्हणजे टोमणे मारणारी तोंडी गाणी, व्हायच्या. एकाने म्हणायची, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, सगळं गाव हसायचं, कोणाला टोला बसला ते लोक वर्षभर आठवायचे. आमच्याकडे झडत्या म्हणणारे तीन म्हातारे होते. तोरणापाशी डीजे आला त्या वर्षी एकाने झडती म्हटली, ती पुढच्या दोन जोड्यांपुढे गेली नाही. पुढच्या वर्षी त्याने तोंडच उघडलं नाही. बैल बिथरतात ते वेगळंच. आवाज वाढला आणि पोळा मुका झाला, असं आमच्या डोळ्यांसमोर घडलं.

----

साऊंड_सिस्टीम_आर्णी | सोमवार, दुपारी १:३०

माझा साऊंडचा धंदा आहे, म्हणून लिहिणं भाग आहे. सगळे आम्हाला शिव्या देतात. पण पार्टी बुकिंग करताना पहिलं विचारते, "बेस किती आहेत?" कमी सांगितले तर दुसरीकडे जाते. माझ्या घरी गाडीचा हप्ता आहे.

तरी धंद्यातली माणसं जाणतात ते सांगतो. डेसिबल हे साध्या बेरजेसारखं नसतं. १० डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दहापट होते, कानाला साधारण दुप्पट वाटतं. मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की सुमारे ६ डेसिबल कमी होतात. म्हणून स्टेजवर एकच मोठा ढीग लावून शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचं म्हटलं तर पुढच्या माणसाचे कान जातात. त्याऐवजी लहान पेट्या थोड्या थोड्या अंतरावर लोकांकडे तोंड करून लावल्या तर सगळ्यांना नीट ऐकू येतं आणि मांडवाबाहेर कमी जातं. कीर्तनाला, ग्रामसभेला मी असंच लावतो. वायर जास्त लागते, मेहनत जास्त, पैसे तेवढेच.

आणि बेस भिंतीतून जातो, हे खरं आहे. दार लावून उपयोग नसतो. शब्द असतात वरच्या पट्टीत, ते भिंत अडवते. म्हणून शेजारच्या घरात गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत, नुसती धडधड येते.

सहा आणि दहाचं जे झालं ते होणारच होतं. दोन्हीत मागचा "हा" सारखा, फरक फक्त पहिल्या अक्षरात. "स" हा बारीक, कमी ताकदीचा आवाज आहे, इंजिनाच्या आणि पत्र्याच्या आवाजाखाली तो पहिला दबतो. उरतो नुसता "हा". माइकवर बोलणाऱ्यांना आम्ही सांगतो, आकडा एकट्याने सांगू नका. "सकाळी सहा, उजाडताना" असं म्हणा. एक शब्द गेला तर दुसरा सापडतो.

----

वावरातला (धागाकर्ता) | सोमवार, दुपारी २:१०

साऊंडवाले भाऊ, तुम्ही मोकळेपणाने लिहिलं, मनापासून आभार. "उजाडताना" हे मुकादम बाईला आजच सांगतो.

----

निवृत्त_गुरुजी | सोमवार, सायंकाळी ५:४५

मी ३१ वर्षे जिल्हा परिषद शाळेत शिकवले. त्यातील नऊ वर्षे ज्या शाळेत गेली तिचे तीन वर्ग रस्त्याकडे आणि तीन मागच्या शेतांकडे होते. रस्त्याकडच्या वर्गात मी ओरडून शिकवायचो. गाडी आली की वाक्य अर्धवट सोडायचे, गेली की पुन्हा सुरू करायचे. काही महिन्यांनी लक्षात आले की मुलांनी प्रश्न विचारणे बंद केले आहे. शिक्षक ओरडू शकतो, मागच्या बाकावरची मुलगी ओरडत नाही.

न्यूयॉर्कमध्ये उंचावरील रेल्वेमार्गाला लागून असलेल्या शाळेचा अभ्यास १९७५ मध्ये झाला होता. रुळांकडच्या वर्गातील मुले वाचनात मागच्या शांत बाजूच्या मुलांपेक्षा मागे होती. पुढे रुळांखाली रबराचे थर बसवले, वर्गांच्या छताला आवाज शोषणारे आवरण केले. १९८१ च्या अभ्यासात दोन्ही बाजूंच्या मुलांचे वाचन सारखे निघाले. इमारत आणि रेल्वे तीच होती. हे वाचले तेव्हा मी निवृत्त झालो होतो. त्या नऊ वर्षांत रस्त्याकडचे वर्ग दर सहा महिन्यांनी बदलून द्यायला हवे होते, निदान एकाच मुलांच्या वाट्याला तो आवाज आला नसता. हे आपल्याला सुचले नाही याची खंत वाटते.

----

तालुका_कोर्ट | सोमवार, रात्री ८:३०

कायद्याचं थोडं लिहितो, कारण "अर्ज कोणाकडे करायचा" हा प्रश्न येणारच आहे.

ध्वनी प्रदूषण नियम २००० सालचे आहेत, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ खाली केलेले. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. त्या वेळेत उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र असतात असं सगळे म्हणतात, पण २०१७ च्या दुरुस्तीनंतर सरकारने ते क्षेत्र जाहीर केलेलं असावं लागतं. आधी हे तपासा. रात्री राहत्या वस्तीत हॉर्न वाजवायलाही मनाई आहे, आणीबाणी सोडून. बहुसुरी, कर्कश हॉर्न तर मोटार वाहन नियमांतच बसत नाहीत.

हे सगळं देवळाला, मशिदीला, विहाराला, लग्नाला, प्रचारसभेला सारखंच लागू. आमच्या देवळात कार्तिकातला काकडा पहाटे साडेचारला असतो. भोंगा सहाच्या आत लावता येत नाही असं मी विश्वस्तांना सांगितलं तेव्हा दोन दिवस माझ्याशी कोणी बोललं नाही. मग टाळ-मृदंगावर काकडा सुरू झाला. जे उठून येतात तेवढेच येतात, आधीही तेवढेच यायचे.

वावरातला यांच्या प्रश्नात मात्र या नियमांचा फार उपयोग नाही. ट्रक हॉर्न न वाजवता गेला तरी फाळका आदळणारच. तुमचं काम रस्त्याच्या खात्याकडे आहे. गतिरोधक काढा म्हणू नका, हलवा म्हणा. वस्ती सुरू होण्याआधी, दोन्ही टोकांना. गाड्या गावात शिरतानाच हळू होतील आणि आदळआपट पारासमोर होणार नाही. ग्रामसभेचा ठराव जोडा.

----

निंबाची_काडी | सोमवार, रात्री ९:१५

पार आणि रस्त्याच्या मध्ये झाडं लावा ना. आमच्याकडे निंबाची रोपं फुकट आहेत, घेऊन जा.

----

साऊंड_सिस्टीम_आर्णी | सोमवार, रात्री ९:४०

झाडं लावाच, सावलीला आणि धुळीला चांगली. पण झाडांची एक ओळ आवाज अडवत नाही, पानांमधून तो आरपार येतो. भिंत अडवते, तीही एवढी उंच पाहिजे की बसलेल्या माणसाला ट्रकचं इंजिन दिसू नये. जिथून आवाज येतो ते दिसत असेल तर आवाज सरळ येतोच. पाराभोवती तेवढी भिंत बांधली तर पार राहत नाही, कोंडवाडा होतो.

----

दारव्हा_ते_नागपूर | सोमवार, रात्री १०:००

भिंतीवरून आठवलं. न्यूयॉर्कमध्ये उंच इमारतींच्या मध्ये एक चिमुकली बाग आहे, पॅली पार्क, १९६७ ची. मागच्या भिंतीवरून सुमारे सहा मीटर उंचीचं पाणी सतत पडत असतं. पाण्याच्या आवाजात गाड्यांचा आवाज बुडतो. मोजलं तर आवाज कमी नसतो, पण लोक डबे घेऊन येऊन बसतात. जयाताईंच्या गजबज-गोंगाटाला जोडून हे आठवलं. पारासाठी उपाय म्हणून सांगत नाही, आपल्याकडे उन्हाळ्यात प्यायला पाणी पुरत नाही.

----

देवळी_वर्धा | मंगळवार, सकाळी ७:२०

माझे काका दोन्ही डोळ्यांनी अधू. पन्नास वर्षं तालुक्याच्या स्टँडवर एकटे जातात. त्यांच्या डोक्यात स्टँडचा नकाशा आवाजांचा आहे. रसवंतीचं घुंगरू वाजलं की डावीकडे वळायचं, भज्यांच्या कढईचा आवाज आला की पायरी, एसटीचं दार कोणत्या बाजूने आपटलं त्यावरून गाडीचं तोंड कळतं. काठी ते पायरीपुरती वापरतात.

गेल्या वर्षी स्टँडसमोर एका दुकानाने दारात मोठी पेटी ठेवून दिवसभर गाणी आणि जाहिरात लावायला सुरुवात केली. काका रसवंतीपाशी चुकले आणि वळायच्या ऐवजी सरळ रस्त्यावर गेले. एका कंडक्टरने हात धरून मागे ओढलं. आता ते एकटे जात नाहीत. मला फोन करतात, मला वेळ असला तर जातात. दुकानदाराला मी जाऊन सांगितलं. माणूस वाईट नव्हता. त्याला वाटलंच नव्हतं की कोणी त्या स्टँडवर कानाने चालत असेल. त्याने पेटी आत वळवली. काकांचा धीर मात्र अजून परत आलेला नाही.

----

संत्रा_मोसंबी | मंगळवार, सकाळी ८:००

हे वाचून अंगावर काटा आला. काकांना नमस्कार सांगा.

----

गुरुदेवभक्त_तिवसा | मंगळवार, दुपारी १२:१०

मी मोझरीजवळचा. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात गुरुकुंजात मौन श्रद्धांजली असते, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी. लाखो लोक असतात. त्याआधी खंजिरी, भजनं, पालख्या, खेळण्यांची दुकानं, सगळा कल्लोळ असतो. घंटा होते आणि सगळं थांबतं. मी लहानपणापासून जातो. त्या क्षणी झेंड्याचं कापड फडफडताना ऐकू येतं, कुठेतरी एखादं लेकरू रडतं तेही ऐकू येतं आणि कोणी त्याला दटावत नाही. आपल्या लोकांना शांत बसता येत नाही असं कोणी म्हटलं की मला ते आठवतं. आपल्याला येतं. कोणीतरी वेळ ठरवून द्यावी लागते, आणि ती सगळ्यांनी मिळून पाळावी लागते.

----

ठोकपीठ | मंगळवार, दुपारी ३:००

मी वर "शांतता स्मशानात" असं लिहिलं होतं. देवळीच्या काकांचं आणि मोझरीचं वाचून ते मागे घेतो. आमच्या बाजारातही भोंगे आहेत. जयाताईंचं वाचून आज बायकोला विचारलं. ती म्हणाली, दोन वर्षांपासून ती बाजारात फक्त सकाळी दहाच्या आत जाते, भोंगे सुरू व्हायच्या आधी. मला हे माहीतच नव्हतं.

----

वावरातला (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ९:३०

पुढचं सांगतो. ग्रामपंचायतीत बोललो. सरपंचबाई स्वतः मजुरीला जायच्या, त्यांना सहा-दहा लगेच कळलं. गतिरोधक वस्तीच्या दोन्ही टोकांना हलवायचा ठराव पुढच्या ग्रामसभेत येणार. ज्या पोराला गाडीने उडवलं होतं त्याच्या बापाचा आधी विरोध होता. त्याला घेऊन दोन्ही टोकांपर्यंत चालत गेलो, कुठून गाडी हळू होईल ते दाखवलं. तो म्हणाला, शाळेसमोर पांढरे पट्टे आणि सुट्टीच्या वेळी एक माणूस उभा करा, मग माझी ना नाही. हे ठरावात घातलं.

बाजाराचं एवढं झालं की भाजीच्या ओळीतले भोंगे दुपारी चारनंतर बंद ठेवायचे असं पाच-सहा जणांनी कबूल केलं. एक जण तयार नाही. त्याची जागा कोपऱ्यात आहे, भोंग्याशिवाय गिऱ्हाईक तिकडे वळत नाही असं त्याचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. त्याला मधली जागा देता येते का ते बाजाराचा ठेका घेणाऱ्याला विचारतो आहोत.

मजुरीचं बोलणं सध्या समाजमंदिराच्या मागच्या ओट्यावर हलवलं आहे, तिथं इमारत मध्ये येते आणि ट्रकचा आवाज कमी लागतो. काल मी बाबांना तिकडे घेऊन गेलो. बाया ओट्यावर बसल्या होत्या, बाबा खाली खुर्चीवर. मुकादम बाई म्हणाली, "उद्या सहाला, उजाडताना." बाबांनी मला विचारलं, "कोणाच्या वावरात?"

ज्यांच्या गावात गतिरोधक हलवून मिळाला असेल त्यांनी ठरावाची भाषा इथं टाका. रस्त्याच्या खात्याला कोणता कागद लागतो, मोजणीचा नकाशा लागतो का, हेही लिहा. ग्रामसभा पुढच्या महिन्यात आहे.